निखाऱ्यावरचा गोड घास, घरातल्या भट्टीत



आपल्या विदर्भात रोडग्यांचा स्वयंपाक म्हटला, की तो एकट्यादुकट्याचा नसतो. वावरात नाही तर मारुतीच्या पारापाशी गोवऱ्या रचायच्या, त्या पेटून त्यांचा विस्तव झाला की जाड दळलेल्या कणकेचे गोळे त्यात पुरायचे, आणि एकीकडे वांग्याची भाजी, दुसरीकडे वरण. वरची राख झटकून, करपलेला पापुद्रा काढून रोडगा फोडला की आतून वाफ निघते. त्यात तूप ओतायचे. मारेगावपासून वणीपर्यंत आणि इकडे पांढरकवड्यापर्यंत कोणालाही विचारा, रोडग्यांच्या पंगतीची आठवण नाही असा माणूस सापडायचा नाही. आणि त्या पंगतीत पोट्ट्यांचे लक्ष कशाकडे असते? भाजीकडे नव्हे. शेवटच्या गरम रोडग्याचा चुरमा करून त्यात गूळ आणि तूप कालवतात ना, त्याच्याकडे.

आज मला सांगायचे आहे ते त्या शेवटच्या गोड घासाविषयी. पंगतीविषयी नव्हे. पंगतीला शंभर हात असतात, तिची काळजी करण्याचे कारण नाही. काळजी आहे ती एकट्या माणसाची. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला, आणि घरात एकटी मोठी माय. बदली होऊन आलेल्या, भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या शिक्षिकाबाई. एका जिवासाठी कुठे घालावा घाट, असे म्हणून ही माणसे चहात पोळी बुडवून रात्र काढतात. मृग लागून गेला, गोवऱ्या ओलावल्या, अंगणात चिखल झाला, की मग विचारायलाच नको.

हा निखाऱ्यावरचा गोड घास घरात, एका वाटीत, एकापुरता करता येतो. तो कसा, ते सांगतो.

पण त्याआधी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि ती खाण्याची नाही. घरात करायचे म्हणून कोणी पेटत्या गोवऱ्या किंवा कोळशाची शेगडी दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत आणू नका. आपल्या भागात दगडी कोळसा जवळच निघतो, थंडीत शेगडी आत घेण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. निखारा लाल दिसतो, धूर नसतो, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण धूर नसलेल्या निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक घट्ट धरते. म्हणजे श्वास चालू असून शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. गुरुजन हो, हे वर्गात मुलांना आवर्जून सांगा, कारण ही गोष्ट डोळ्यांना दिसणारी नाही. निखारा बाहेरचा, तो बाहेरच राहू द्यावा. आत आणायची ती फक्त त्याची कोरडी आच.

आता कोरडी आच म्हणजे काय, ते पाहू. वाफेवर शिजवलेला पदार्थ कधी लालसर, खरपूस होतो का? होत नाही. पाणी आहे तोवर उष्णता १०० अंशांच्या आसपास राहते. खरपूसपणा येतो तो त्याच्या पुष्कळ वर, १४० अंशांच्या पुढे. तेव्हा कणकेतली, दुधातली प्रथिने आणि साखर यांची एकमेकांवर क्रिया होते आणि तो तांबूस रंग, तो वास तयार होतो. गोवरीचा विस्तव ही आच फार समजूतदारपणे देतो. गोवरी हळू जळते, वर राखेचे पांघरूण असते, म्हणून रोडगा बाहेरून जळून आत कच्चा राहत नाही, मुरत मुरत भाजतो. घरात हेच काम ओव्हन म्हणजे विजेची भट्टी करते. ती नसेल तर गंजातली वाळू करते.

निखारा वर आणि खाली दोन्हीकडे ठेवून भाजण्याची रीत आपल्या महाराष्ट्रात जुनीच आहे. कोकणात काकडीची तवसळी करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवीत. गोव्यात बेबिंक नावाचे थरांचे पक्वान्न करतात, त्यालाही वरून नारळाच्या सोडणाच्या निखाऱ्यांची आच देत. तेव्हा भट्टी ही काही परकी वस्तू नव्हे, आपल्या झाकणावरचा निखारा तिच्यात विजेच्या तारेचा झाला इतकेच.

आता कृती. मापे एका वाटीची सांगतो. वाटी स्टीलची, साधारण आमटीची असते तेवढी. चार चमचे जाडसर कणीक घ्या. चमचा म्हणजे आपला पोहे खायचा. रोडग्यासाठी दळतो तशी रवाळ असली तर उत्तम. तिच्यात चिमूटभर मीठ आणि एक मोठा चमचा पातळ तूप घालून हाताने चोळा. मुठीत दाबल्यावर मुटका झाला पाहिजे. मग दुधाचा हबका मारून गोळा जमेल इतपतच ओले करा, पोळीच्या कणकेसारखे मळू नका. मळले की ते चिवट होते. वाटीला आतून तुपाचे बोट फिरवा आणि हे मिश्रण तळाशी व थोडे कडांना दाबून बसवा. हा झाला आपला रोडगा.

ओव्हन असेल तर आधी १० मिनिटे १८० अंशांवर तापवून घ्या, आणि मग वाटी आत ठेवून १२ ते १५ मिनिटे भाजा. कडा बदामी दिसल्या आणि भाजक्या कणकेचा वास घरभर झाला, की बाहेर काढा. वासावर विश्वास ठेवा. प्रत्येक भट्टीचे घड्याळ निराळे असते. मग दीड-दोन चमचे किसलेला गूळ, एक चमचा भाजलेल्या शेंगदाण्याचा जाड कूट आणि अर्धा चमचा भाजलेले तीळ एकत्र करून वाटीत पसरा. त्यावर दोन चमचे ताजा खवा, चमचाभर दुधात सैल करून, झाकल्यासारखा लावा. वाटी काठोकाठ भरू नका, कारण गूळ तापला की उसळतो. पुन्हा ६ ते ८ मिनिटे आत. शेवटची दोन-तीन मिनिटे फक्त वरची तार चालू ठेवता आली तर खव्यावर सुरेख तांबूस डाग पडतात. त्या वेळी भट्टीपासून हलू नका. बदामी आणि काळा यांच्यात मिनिटभराचेच अंतर असते.

खवा बाजारातून आणला असेल तर त्याच दिवशीचा घ्या. उन्हाळ्यात दोन दिवसांच्या खव्याने पोट बिघडायला वेळ लागत नाही. खवा नसेल तर घरची साय दोन चमचे आणि तीत चमचाभर दूध-पावडर, हेही चालते. मला तर सायीचेच अधिक आवडते.

वाटी काढली की लगेच खाऊ नये. पाच-सात मिनिटे थांबावे. वितळलेला गूळ उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो जास्त तापलेला असतो आणि जिभेला, बोटाला चिकटून बसतो. लहान मुलाच्या हातात गरम वाटी देऊ नये हे सांगायला नको, तरी सांगतो.

आता ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी. आणि मारेगावच्या खेड्यापाड्यांत, मार्डीकडे काय किंवा कुंभ्याकडे काय, अशीच घरे अधिक. जाड बुडाचा एक जुना गंज घ्या, ज्याची आता दुसऱ्या कामाला गरज नाही असा. त्यात दोन बोटे जाडीचा धुऊन, वाळवून घेतलेल्या वाळूचा थर द्या. वाळू नसेल तर जाडे मीठ. त्यावर एक लोखंडी कडे किंवा उपडी ताटली ठेवा, म्हणजे वाटीचे बूड वाळूला लागणार नाही. घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर १५ मिनिटे तापू द्या. मग वाटी आत. कणीक भाजायला इथे २० मिनिटे लागतात. गंजाला वरून आच नसते, म्हणून खव्याला रंग येत नाही. त्यावर उपाय असा की खवा आधीच कढईत मंद आचेवर गुलाबीसर परतून घ्यावा आणि मग लावावा. दुसऱ्या वेळी ८-१० मिनिटे पुरतात. कोणी कोणी कुकरमध्ये पाणी न घालता, शिट्टी काढून असे भाजतात. मी तसे सांगणार नाही. गंज असताना चांगला कुकर आणि त्याचे रबर कोरडे तापवून खराब कशाला करायचे?

भांड्यांचेही ऐकून ठेवा. स्टील चालते, ॲल्युमिनियम चालते. कुंभाराची मातीची जाड पणती चालते, पण ती थंड भट्टीत ठेवून मग तापवावी, नाही तर तडकते. साधी काचेची वाटी फुटते आणि प्लॅस्टिक वितळते; मेलामाइनही चालत नाही. ज्या मायक्रोवेव्हमध्ये नुसते गरम होते, भाजत नाही, त्यात हा पदार्थ करू नये; आणि धातूची वाटी तर त्यात ठेवूच नये.

विजेचा खर्च किती, हा प्रश्न येणारच. १२०० वॉटची लहान भट्टी अर्धा तास सलग चालली तरी ०.६ युनिट, याहून जास्त जळत नाही. पण एका वाटीला लागते तेवढीच वीज चार वाट्यांना लागते. म्हणून एक करता करता शेजारच्या दोन पोरांच्या वाट्या आत सरकवाव्या, किंवा त्याच तापल्या भट्टीत रताळे ठेवून द्यावे. मोठ्या मायला तेवढेच शेजारपाजारचे येणे-जाणे होते.

तुमच्या घरची मुले आता मोबाइलवर पाहून ‘स्मोर’ मागतात, त्याचे काय करायचे? ही अमेरिकेतली शेकोटीची मिठाई आहे. बिस्किट, त्यावर चॉकलेट, आणि वर काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेला मार्शमॅलो. १९२७ साली तिथल्या मुलींच्या गर्ल स्काउट संघटनेच्या एका पुस्तकात तिची कृती छापली गेली. नावाचा अर्थ ‘आणखी थोडे’ असा. म्हणजे आपल्या पोट्ट्यांनी चुरम्याला जे म्हणावे तेच! गंमत अशी, की त्यासाठी जे बिस्किट वापरतात, ते ज्या सिल्व्हेस्टर ग्रॅहमच्या नावाने ओळखले जाते, तो १९व्या शतकातला उपदेशक लोकांना कोंड्यासकट गव्हाची कणीक खा म्हणून सांगत फिरत असे. आपल्या रोडग्याची कणीक ती हीच. हेही वाटीत होते: चार ग्लुकोज बिस्किटांचा चुरा चमचाभर तुपात कालवून तळाशी दाबा, वर चॉकलेटचे दोन-तीन तुकडे, त्यावर मार्शमॅलो, आणि १८० अंशांवर ५ ते ७ मिनिटे. बिस्किट आधीच भाजलेले असल्याने अधिक वेळ लागत नाही. मात्र मार्शमॅलो बहुधा जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांनी पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा. अगदी लहान मुलाला तो सबंध देऊ नये, घशात अडकतो.

मला विचाराल तर गूळ-खव्याची वाटी दहा पटींनी सरस. पण पोराने हट्ट केला तर एकदा त्याचीही करून द्यावी, आणि दोन्ही वाट्या त्याच्यापुढे ठेवाव्या.

मधुमेह असणाऱ्यांनी ‘गूळच तर आहे’ अशी समजूत करून घेऊ नये. गुळात बहुतेक भाग साखरच असतो आणि रक्तातली साखर तो वाढवतोच. वाटीचा एक फायदा असा, की परातीतल्या चुरम्यात किती खाल्ले हे कळत नाही, इथे गूळ डोळ्यांपुढे मोजून पडतो. तो चमचाभर करावा, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. शाळेत चाळीस मुलांसाठी वाट्या करत बसू नका, ते होण्यासारखे नाही. पण एक प्रयोग करून दाखवा. तीन लहान पळ्यांत मीठ, साखर आणि गूळ घेऊन, मुलांना चार हात लांब बसवून, त्या तुम्ही स्वतः मंद आचेवर धरा. मीठ पांढरेच राहते. साखर वितळून मग तांबूस होते. गूळ त्याआधीच काळवंडू लागतो. असे का, हे मुलांना विचारा, आणि उत्तर लगेच सांगून टाकू नका. दुसऱ्या दिवशी सांगा, की साखरेचा कण अखंड असतो, तर गुळात काही साखर आधीच फुटलेली असते, म्हणून ती लवकर रंग धरते. घरी गूळ भट्टीत ठेवताना वेळ कमी का लागतो, ते मग त्यांचे त्यांना उमजेल.

वाळूचे काय करायचे ते राहिलेच. ती गंजातच पूर्ण थंड होऊ द्या. तासाभराने वरून थंड लागली तरी आतून गरम असते. मग चाळून, डब्यात भरून, डब्यावर खडूने ‘भट्टीची वाळू’ असे लिहून ठेवा. मीठ वापरले असेल तर ते जेवणात घेऊ नका, पण पुढच्या वेळी भाजायला पुन्हा चालते.