घाटाची ओळख

बंगळूर शहराच्या पूर्वेस मारतहळ्ळी नावाचा भाग आहे. ‘हळ्ळी’ म्हणजे कन्नडात खेडे. परंतु हे खेडे नगराने केव्हाच पोटात घेतले. आज तेथे संगणकावर त्रिमितीय कला शिकविणारे वर्ग भरतात. दूरदूरच्या गावांहून आलेली मुले, आईबापांनी साठविलेला पैसा फीपायी भरून, त्या वर्गांत बसतात. पडदा मात्र सपाट. त्यास लांबी आहे, रुंदी आहे, खोली नाही. मग तिसरी मिती त्यांनी शिकावयाची कशी?

या पडद्याचे बहुधा चार भाग केलेले असतात. एकात वस्तू वरून दिसते, दुसऱ्यात समोरून, तिसऱ्यात बाजूने. चौथ्यात ती डोळ्यांस भासेल तशी. ही रीत संगणकाने शोधलेली नव्हे. मारतहळ्ळीच्या जवळच विमानांचा मोठा कारखाना आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली त्याचा पाया घातला. विमानाचा आराखडाही कागदावर अशाच तीन दृश्यांनी उतरत आला. एका बाजूने पाहिलेली वस्तू अर्धीच पाहिलेली असते, हा या विद्येचा पहिला धडा होय.

दुसरा धडा पृथक्करणाचा. पाण्याची घागर घ्या. तिचे पोट म्हणजे किंचित दबलेला गोल, गळा म्हणजे आखूड दंडगोल, काठ म्हणजे कडे. घन, गोल, दंडगोल आणि शंकू ओळखता आले की अवघड आकारही उलगडू लागतो. १९७५ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी घरातील चहाची किटली आलेखकागदावर रेखाटली व तिच्या वक्ररेषांचे बिंदू संगणकास पुरविले. पुढे तीच किटली त्रिमितीय चित्रणाची जगप्रसिद्ध कसोटी ठरली. तिचा प्रारंभही कागद, पेन्सिल आणि समोर ठेवलेले भांडे यांनीच झाला होता.

तिसरा धडा वजनाचा. तो यंत्र आपण होऊन शिकवीत नाही. पडद्यावरचा हत्ती सोंडेच्या टोकावरही उभा राहतो. मातीचा हत्ती तसा उभा राहत नाही. तो कोसळतो, आणि कोसळता कोसळता तोल म्हणजे काय ते सांगून जातो.

शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळील सासवणे गावी झाला. गणपती घडविण्याची परंपरा घरातच होती. त्यामुळे ओल्या मातीचा स्वभाव त्यांच्या बोटांस लहानपणीच कळला. त्यांनी भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या साह्याने करमरकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. भिंतीवरचे शिवाजीमहाराज पुढे अश्वारूढ होऊन धातूत अवतरले. एकसंध ओतलेला तो पुतळा १९२८ पासून पुण्यात उभा आहे. घोड्याचे अवजड धड बारीक पायांवर तोलावयाचे, तर मातीकाम करणारा आधी आतला सांगाडा उभारतो. माती त्यावर मागाहून चढते. संगणकावरची आकृती हालवावयाची असली तरी तिच्या आतही सांध्यांसह सांगाडा बसवावा लागतो. साधन बदलले, विचार तोच राहिला.

संगणकाच्या आज्ञावली काही वर्षांत जुन्या होतात. केवळ त्यांच्या कळा पाठ करणाऱ्याची विद्या त्यांच्याबरोबरच जुनी होते. ज्याने घाट, प्रमाण, तोल आणि छायाप्रकाश आत्मसात केला, त्यास नवी आज्ञावली म्हणजे केवळ नवे हत्यार.

म्हणून मारतहळ्ळीत शिकणाऱ्या मुलाने खोलीवर परतल्यावर मूठभर शाडू हाती घ्यावा. पाण्याच्या तांब्याची प्रतिकृती करावी, दिव्यासमोर धरून ती हळूहळू फिरवावी, आणि सावली कोठे वळते ते पाहावे. दुसऱ्या दिवशी तोच तांब्या पडद्यावर घडविताना त्याची न दिसणारी बाजूही त्यास ठाऊक असेल.