आकाशातून दिसणारी वीज



भूगोलाच्या मास्तराने विजेच्या तारांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ३५ वर्षे नकाशे शिकविताना एक उणीव मला सतत जाणवली. नदी, रस्ता, देऊळ ही नकाशात सापडतात. गावात येणारी वीजवाहिनी बहुधा सापडत नाही. कित्येक देशांत असा नकाशा उपलब्धच नाही.

तो उपग्रहाकडून काढवून घ्यावा, तर बोटाएवढी तार त्यास दिसावी कशी? मोठ्या वाहिन्यांचे मनोरे, त्यांच्या सावल्या, अरण्यातून तोडलेला पट्टा एवढे ओळखता येते. खेड्यातील खांब नाही. म्हणून संशोधकांनी युक्ती योजिली. तार दिसत नसली तरी दिवा दिसतो! रात्रीच्या चित्रात जेथे स्थिर उजेड, तेथे वीज पोचली असे धरावयाचे; आणि ती ठिकाणे कमीत कमी खर्चाच्या वाटेने, शक्यतो रस्त्याच्या कडेने, जोडीत जावयाचे. या रीतीने साऱ्या जगाचा नकाशा २०२० साली प्रसिद्ध झाला. १४ देशांत पडताळता तो सुमारे ७५ टक्के बरोबर ठरला. जगातील ९७ टक्के लोक मध्यम दाबाच्या वाहिनीपासून १० किलोमीटरांच्या आत राहतात, असे त्यातून निघाले.

आकडा मोठा खरा. पण २०११ साली सोडलेला तो उपग्रह माथ्यावरून जातो रात्री दीडच्या सुमारास. त्या वेळी रस्त्यावरचे दिवे जळत असतात. गरिबाने आपला एकुलता दिवा केव्हाच मालवलेला असतो. शिवाय तार जवळ असणे निराळे, घरात दिवा लागणे निराळे. आपल्याकडेही गावातील १० टक्के घरांत वीज पोचली की ते गाव विद्युतीकृत धरले जाई. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लैसांगला वीज पोचून देशातील सारी खेडी उजळल्याचे जाहीर झाले, ते याच हिशेबाने.

गेल्या दिवाळीत नातवासह मी आमच्या गावचे खांब मोजले. सर्वांस खुल्या असलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर ते तो नोंदवीत होता. ४२वा खांब देवळापाशी. पुढे ओढा, पलीकडे चार घरे. रात्रीच्या चित्रातील एक ठिपका सुमारे अर्धा किलोमीटर रुंद, त्यामुळे तीही उजळच दिसतात. "आजोबा, ओढ्यापलीकडे रेघ ओढू का?" त्याने विचारले. मी नको म्हटले. त्या घरांतील एक मुलगी यंदा दहावीस बसणार आहे. मंडळाच्या विद्यार्थी निधीतून तिला सौरकंदील मिळावा, असा अर्ज मी चिटणीसांकडे आजच दिला आहे.