वार मोजण्याआधी



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात झाले. अशा माणसाने अमेरिकन फुटबॉलवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण त्या खेळातला पराक्रम वारांत मोजतात, आणि वार हे माप आम्हां कापड कामगारांच्या ओळखीचे आहे.

हा फुटबॉल मुख्यतः हातांनी खेळतात. डाव चालवणारा आणि चेंडू पुढे फेकणारा गडी तो क्वार्टरबॅक. जॉनी युनिटासने १९५९ साली टचडाउनच्या ३२ फेकी केल्या. डॅन मरिनोने १९८४ साली ४८. म्हणजे मरिनो दीडपट मोठा? थांबा! युनिटासला सामने मिळाले १२, मरिनोला १६. सामन्यामागे हिशेब केला तर २.६७ आणि ३ इतकेच अंतर उरते. शिवाय १९७८ साली नियम बदलले. पाच वारांपलीकडे चेंडू झेलणाऱ्याला अडवण्या-ढकलण्यास बंदी आली. क्वार्टरबॅकच्या रक्षकांना उघड्या पंजांनी, हात लांबवून समोरच्याला थोपवण्याची मुभा मिळाली. म्हणजे मागच बदलला. साध्या मागावरचे कापड नव्या बिनधोट्याच्या मागाशेजारी ठेवून विणकराला आळशी ठरवणारे मालक मी पाहिले आहेत. हा हिशेब त्याच जातीचा.

मग मरिनो लहान ठरतो काय? मुळीच नाही. नवे नियम सहा हंगाम सर्वांनाच मिळाले होते, तरी ३६ फेकींचा जुना उच्चांक कोणी मोडला नव्हता. माणसाची तुलना आधी त्याच्याच पाळीतल्यांशी करावी, ती अशी.

पण एवढ्यानेही न्याय होत नाही. वॉरन मून जानेवारी १९७८ मध्ये रोझ बोल सामन्याचा मानकरी ठरला. तरी त्या वर्षीच्या निवडीत एकाही संघाने त्याला घेतले नाही. कृष्णवर्णीयाने डाव चालवावा हे तेथे अनेकांना रुचत नव्हते. तो कॅनडात सहा हंगाम खेळला, लागोपाठ पाच अजिंक्यपदे मिळवली आणि १९८४ साली अमेरिकन लीगमध्ये आला. तेथे त्याच्या नावावर ४९,३२५ वार आहेत. ते सहा हंगाम त्यांत नाहीत.

आपण हसू नये. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला अधिक मजुरीच्या विणखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ! १९२८ च्या संपकाळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. हा विटाळ आमच्या विणकर बांधवांनीही पाळला, हे युनियनवाल्याने कबूल केलेच पाहिजे. त्या माणसांनी किती वार विणले असते, त्याची वही कोणत्याच गिरणीत नाही.

तेव्हा थोर कोण, हा वाद खुशाल घाला. मात्र आकडा हाती आला की तीन गोष्टी विचारा: सामने किती होते, नियम कोणते होते, आणि दारात कोणाला अडवले होते?