बॅटरीचा दिवस आणि कामगाराचा दिवस



नव्या फोनच्या खोक्यावर ५००० मिलिअँपिअर-तास असा आकडा असतो, आणि दुकानदार दोन दिवसांची हमी देतो. आकडा खोटा नव्हे. पण बॅटरीत किती मावते एवढेच तो सांगतो, ती कशी खर्ची पडते ते सांगत नाही.

आमचा चाकणचा कंत्राटी कामगार पहाटे भोसरीहून बसमध्ये बसतो आणि मोशीच्या कोंडीत व्हिडिओ पाहतो. कित्येक कारखान्यांत फोन आत नेता येत नाही. तो पत्र्याच्या लॉकरमध्ये पडून असतो. तेथे त्याला विश्रांती मिळते, असा समज आहे. वस्तुतः पत्र्याआड लहरी क्षीण होतात, आणि फोन अधिकाधिक जोर लावून टॉवर शोधीत राहतो. काम न मिळता थकणे म्हणजे काय, हे मजूर-अड्ड्यावर उभ्या असलेल्या माणसास विचारावे! त्यातून उन्हाळा, उष्णतेने बॅटरीचे आयुष्यच कायमचे घटते.

परतीच्या कोंडीत पडदा काळा होतो. उद्या कोणत्या पाळीला यायचे, हा कंत्राटदाराचा निरोप नेमका तेव्हाच येतो. निरोप चुकला की हजेरी बुडाली.

युरोपीय संघात जून २०२५ पासून नियम आहे: ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीची ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि एका चार्जिंगमध्ये फोन किती तास चालतो ते लेबलावर छापले पाहिजे. तसे लेबल आम्हांलाही हवे. तोवर लॉकरमध्ये ठेवताना फोन बंद करावा. तेथे तो उचलणार कोण? आणि पुढच्या मागणीपत्रात लॉकरच्या खोलीत विजेचे प्लग, हे एक कलम घालावे.