पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा

राजवाडा म्हटलं की आपल्याला दगडी तट आठवतात. त्रावणकोरच्या राजांचा पद्मनाभपुरमचा वाडा मात्र मुख्यतः लाकडाचा. आजचं त्याचं रूप बरंचसं १८व्या शतकातल्या राजा मार्तंड वर्मांच्या काळातलं. उतरती कौलारू छपरं भिंतींच्या बरीच पुढे येतात, त्यामुळे धो धो पाऊसही भिंतीला लागत नाही. लाकडी जाळ्यांतून वारा खेळतो, ऊन अडतं. पण माझ्या मते खरी करामत आहे जमिनीची! काळीभोर, आरशासारखी चकचकीत. चुन्यात करवंटीचा कोळसा आणि अंड्याचा पांढरा बलक घालून ती घोटली, असं सांगतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, त्रावणकोरचा बराचसा भाग केरळात गेला, पण कन्याकुमारी जिल्ह्यासह हा वाडा आजच्या तमिळनाडूत गेला. देखभाल मात्र अजूनही केरळ सरकारच करतं.