उचल आणि वेठ

दसरा सरला की बीड जिल्ह्यातून पश्चिमेकडील साखर कारखान्यांच्या वाटेस लागलेल्या ट्रॅक्टरांत, भांडीकुंडी आणि लेकरे यांच्या गर्दीत बसलेली ऊसतोड कुटुंबे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. ती स्वखुशीने निघालेली असतात. हंगाम अर्धा टाकून स्वखुशीने परतण्याची मुभा त्यांना आहे काय, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही, आणि वेठीची परीक्षा नेमकी तेथेच आहे.

नवराबायको मिळून एक कोयता, अशी या व्यवहारातील गणती. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मजूर पुरविणारा मुकादम कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो; ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फिटावयाची, परंतु नोंद राहते मुकादमाच्या वहीत, आणि दुखण्यामुळे, बाळंतपणामुळेदेखील, दिवस बुडाला तर खाड्याची, म्हणजे गैरहजेरीच्या दंडाची, रक्कम त्याच वहीत चढते. न फिटलेली बाकी पुढल्या हंगामाच्या माथी बसते. केवळ उचल घेतल्याने कोणी गुलाम होत नाही (मुकादमही बहुधा वरच्या कोणाचा तरी देणेकरीच असतो!), परंतु आपली बाकी किती हे ज्याला सांगता येत नाही, ज्याचे आधारकार्ड दुसऱ्याच्या पेटीत आहे, मजुरी विचारली असता ज्याच्याऐवजी मालकच उत्तर देतो, त्याच्याबाबत संशयास जागा आहे. भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर आठवड्याची खर्ची हाती पडते नि हिशेब हंगामाअखेर होतो. अशा ठिकाणी बाजाराला जाताना एका तरी मुलाला भट्टीवर ठेवूनच जावे लागते काय, हे पाहावे. इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले अल्पशा रकमेपायी मेंढ्या वळण्यास परमुलखी धाडली गेल्याचे २०२२ साली उघडकीस आले, ते काही निर्जन अरण्यात घडत नव्हते.

राज्यघटनेच्या २३व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठ निषिद्ध केली आहे. एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली भुकेची सक्ती हीदेखील सक्तीच मानली. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर वेठीला बांधणारे कर्जच रद्दबातल ठरविले, आणि ते वेठीचे नव्हे हे शाबीत करण्याचा भार धनकोवर टाकला; तेव्हा ‘आपल्यापाशी पुरावा कोठे आहे’ म्हणून शेजाऱ्याने गप्प बसण्याचे कारण नाही.

मुकादमाशी स्वतः हुज्जत घालू नये, कारण अशी कुटुंबे रातोरात हलविली जातात. वर्दी तहसीलदार वा जिल्हाधिकारी यांच्याकडे द्यावी. मूल असल्यास १०९८, प्रसंग तातडीचा असल्यास ११२ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. सुटका झाल्यावर मुक्तीचा दाखला मात्र त्या माणसांच्या हाती पडला की नाही, याची खातरजमा अवश्य करावी. तो नसला की पुनर्वसनाचे साहाय्य अडते, आणि पुढल्या पावसाळ्यात तीच वही घेऊन तोच मुकादम दारात उभा राहतो.