रंग गेला, पण कुठे गेला?



१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. कापडामागोमाग रंग आला, रंगामागोमाग पंचगंगा नदीच्या पाण्याचा प्रश्न आला. कापडाच्या रंगांच्या विघटनावरची ही परिषद याच गावात भरवण्याचं कारण तेच आहे.

प्रोसेसमधल्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यातल्या, जिगर यंत्रावर सुती कापड दोन रुळांमध्ये मागेपुढे फिरत असतं. खालच्या टाकीत रिअ‍ॅक्टिव्ह रंग, मीठ आणि सोडा. रंगाचा काही भाग धाग्याला पक्का बसतो. उरलेल्याची पाण्याशीच क्रिया होते. तो मग धाग्याला कधीच लागत नाही आणि धुलाईच्या पाण्याबरोबर गटाराची वाट धरतो. धुलाईला आणि उन्हाला दाद न देणारा रंग गिऱ्हाइकाला हवा असतो, म्हणून रेणूच तसा घडवलेला असतो. तो नदीत सहजी कुजेल कसा?

कापडाच्या रंगांत मोठा वाटा अ‍ॅझो रंगांचा. त्यांत नायट्रोजनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध असतो. प्राणवायू नसलेल्या टाकीत जिवाणू तो तोडतात आणि पाणी नितळ दिसू लागतं. खरी फसगत इथेच होते! बंध तुटल्यावर अ‍ॅरोमॅटिक अमाइन उरतात, त्यांना रंग नसतो, आणि त्यांतल्या बेंझिडीनसारख्या काहींमुळे कर्करोग होतो. भारताने १९९० च्या दशकात बेंझिडीनवर आधारित रंगांवर बंदी घातली, ती याच कारणाने. इतर अमाइनही पुढे प्राणवायूच्या टाकीत जिवाणूंनी फोडायला हवेत. सगळे तिथेही फुटत नाहीत. म्हणून रंग उडणं आणि रंगाचं विघटन होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे परिषदेची स्वागत समिती आग्रहाने सांगू इच्छिते.

रंगांच्या विघटनाच्या संशोधनात कोल्हापूरचा वाटा अभिमानाचा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जिवाणूंबरोबर बागेतली झाडंही तपासली. झेंडूच्या मुळांनी आणि चिनी गुलाबाने रंगांचं विघटन केल्याचं त्यांनी दाखवलं. घरोघरच्या कुंडीतली ही झाडं!

मात्र प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये एकच रंग असतो. कारखान्याच्या पाण्यात अनेक रंग, सोडा आणि भरमसाट मीठ एकत्र येतं. मीठ तर कुठलाही जिवाणू खात नाही. असं पाणी नदीत गेल्याची किंमत तमिळनाडूतल्या तिरुपूरने मोजली आहे: नोय्यल नदीच्या प्रदूषणापायी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावले. पोटावर पाय आला तो मजुरांच्या.

त्यामुळे शोधनिबंध वाचणाऱ्यांना स्वागत समितीची एक विनंती आहे. रंग किती टक्के उतरला हे सांगताना मागे कोणते अमाइन उरले, खारट पाण्यात जिवाणू टिकले का आणि प्रक्रियेला लिटरमागे खर्च किती आला, हेही सांगावं. पुढच्या रांगांत प्रोसेसवाले बसले आहेत. ते नेमकं हेच विचारणार आहेत.